वूकोमान आणि ओब्रादची पाचवी

तर वूकोमान झाडावर आणि लांडगा खाली, इथपर्यंत काल आलो होतो.

झाड आलुबुखाराचं होतं, म्हणजे फार उंच नव्हे. लांडग्यानं मनात आणलं असतं तर मागच्या पायांवर उभं राहून वूकोमानच्या बुटाचा वास सहज घेतला असता. पण तो नुसता बसला होता. दुपार टळलेली, बर्फ गुडघाभर, आणि वूकोमान वरून त्याची समजूत घालत होता. "हे बघ दादा, आपण एकाच नावाचे. वूक म्हणजे तू आणि वूकोमान म्हणजे मी. माझ्या आईनं तुझ्या भरवशावर मला वाढवलं. घरच्या माणसाला कुणी खातं का?" लांडगा मान तिरकी करून ऐकत होता. तेवढ्यात खालच्या पायवाटेनं ओब्राद आला, त्यानं शीळ घातली, आणि लांडगा शेपूट हलवत त्याच्याकडे पळाला.

ओब्रादचा कुत्रा होता तो. वूकोमानच्या खिशात चीज होतं, त्याच्या वासानं बिचारा मागं मागं आला होता.

"कूम, वर काय करतोयस?" ओब्रादनं विचारलं.

"आलुबुखार पिकलेत का बघतोय."

"फेब्रुवारीत?"

"म्हणूनच वेळ लागतोय."

ही गोष्ट ओब्रादनं गावभर केली असं तुम्हाला वाटेल. छे. ओब्राद मोजकं बोलणारा माणूस, त्याच्या तोंडून आठवड्यात जेवढे शब्द निघायचे तेवढे वूकोमान सकाळी बूट घालताना बोलायचा. गोष्ट वूकोमाननंच सांगितली, त्याच संध्याकाळी, दुकानासमोरच्या बाकावर बसून, आणि सांगताना कुत्रा प्रत्येक वेळी थोडा लहान होत गेला. शेवटी शेवटी तर तो कुत्र्याचं पिल्लू झाला होता. आमच्या दुर्मितोर डोंगराकडचे पुरुष उंच, मिशाळ, आणि स्वतःच्या आजोबाच्या पराक्रमाबद्दल बोलायला बसले की जेवण थंड करणारे. त्या सगळ्यांत हा एकटा माणूस असा की जो स्वतःची फजिती विकत फिरायचा. गिऱ्हाईक कधी कमी पडलं नाही.

आता त्याचं नाव असं का, ते सांगतो. त्याच्या आधी त्याच्या आईची तीन मुलं पाळण्यातच गेली. आमच्याकडे पूर्वी म्हणायचे की अशी बाळं चेटकिणी खातात, आणि चेटकीण भिते ती फक्त लांडग्याला. म्हणून चौथा झाला तेव्हा त्यांच्या कूमनं, म्हणजे घरातल्या बाळांची नावं ठेवणाऱ्यानं, म्हातारा मिर्चेता त्याचं नाव, उंबऱ्यावर उभं राहून भर बर्फात दरीकडे तोंड करून आरोळी दिली, की ऐका हो सगळे, लांडगीनं लांडगा जन्माला घातलाय, जगाला हे कळू दे आणि बाळाला आयुष्य मिळू दे. खालच्या वस्तीतले सगळे कुत्रे भुंकायला लागले. चेटकिणी आल्या नाहीत. पोर जगलं.

वूकोमान यावर म्हणायचा, "आल्या नाहीत कारण त्यांनी नुसतं नाव ऐकलं. एखादीनं पाळण्यात वाकून बघितलं असतं तर हसून हसून तिथंच पडली असती."

कारण पोर जगलं, पण वाढायचं तेवढं वाढलं नाही. सैन्यात गेला, राजाच्या काळात, तेव्हा सुभेदार यादीतली नावं वाचत होता. "वूकोमान" म्हणताच त्यानं मान वर करून रांगेतला सगळ्यात दांडगा माणूस शोधला. त्या माणसाच्या बगलेखालून हा बाहेर आला. सुभेदारानं त्याच्याकडे बघितलं, यादीकडे बघितलं, आणि त्याला स्वयंपाकघरात पाठवलं. तिथं त्याला बटाटे सोलायला दिले. "देशाचं रक्षण केलं मी," तो सांगायचा, "एकही बटाटा हद्दीपलीकडे जाऊ दिला नाही."

लग्नाचंही तेच. मध्यस्थानं दारिंकाच्या घरी नुसतं नाव सांगितलं होतं. दारिंका अख्खं आयुष्य म्हणत आली, "मी नावावर फसले." वूकोमान म्हणायचा, "आणि मी? दारिंका म्हणजे भेट. भेट मिळाली की परत करता येत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं नाही." दारिंका हातातला फडका त्याच्या पाठीत मारायची. मला वाटतं त्यांचा संसार त्या फडक्यावरच चालला होता.

धंदा म्हणाल तर छपरावर घालायच्या लाकडी फळ्या पाडायचा. स्प्रूसचं लाकूड, सरळ धाग्याचं, कुऱ्हाडीनं असं चिरायचं की फळी धाग्याबरोबर सुटून यावी आणि पाणी तिच्यावरून धावत जावं. त्याच्या हाताला ती कला होती. पण छपरावर चढायला हा घाबरायचा. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर त्याचे डोळे फिरायचे. म्हणून फळ्या हा पाडायचा आणि ठोकायचा ओब्राद. वर ओब्राद गप्प, खाली हा बडबडत, असं दोघांनी आमच्या दरीतलं निम्मं गाव झाकलं.

आणि ओब्राद नुसता जोडीदार नव्हता, तो त्याचा कूम होता. कूम हा शब्द आम्ही नुसत्या मित्राला लावत नाही. ज्या घरानं तुमच्या घरातल्या बाळांची नावं ठेवायची ते तुमचं कूमचं घर, आणि हा मान पिढ्यान् पिढ्या चालतो. वूकोमानच्या बापानं ओब्रादचं नाव ठेवलं होतं. ओब्रादच्या चारही मुलींची नावं वूकोमाननं ठेवली. सख्ख्या भावाशी भांडलात तर गाव समजूत घालायला येतं. कूमशी भांडलात तर गाव तुमच्या दारावरून जायचं सोडतं. आणि नाव कोणतं ठेवायचं हे कूमला कुणी सांगायचं नसतं. आईबापांनीसुद्धा नाही. बाळ कूमच्या हातात, पाद्री विचारणार, कूम बोलणार, जे बोलेल ते मरेपर्यंत.

सांगायचं नसतं, पण सुचवायला कुणाची बंदी आहे?

ओब्रादच्या बायकोला, मिलुंकाला, पाचवी मुलगी झाली तो वसंत ऋतू. वूकोमान फळ्या चिरत होता. ओब्राद येऊन ओंडक्यावर बसला. मग म्हणाला, "कूम, नाव तुझं. मी काही सांगत नाही."

"बरोबर आहे."

"फक्त माझ्या घरात आता पुरे झालंय, एवढंच म्हणतो."

वूकोमाननं कुऱ्हाड खाली ठेवली. आमच्याकडे मुलींमागून मुली झाल्या की शेवटच्या मुलीचं नाव स्ताना ठेवतात. स्ताना म्हणजे थांबली. वरच्याला दिलेली खूण असते ती, की हा कप्पा आता बंद कर आणि दुसरा उघड. सगळ्या दरीत अशा स्ताना आहेत. ओब्रादची आईसुद्धा स्तानाच.

"तुझ्या नावानं तू जगलास," ओब्राद म्हणाला. त्याच्या मानानं ते भाषण होतं. "लांडगा म्हटलं आणि मरण मागं फिरलं. म्हणजे नावाला ताकद असते. घर बुडायला आलंय माझं. मुलगा नसला तर मी मेल्यावर माझी मेणबत्ती कोण लावणार?"

आणि वूकोमान, ज्याला कुणालाच कधी नाही म्हणता आलं नाही, तो म्हणाला, "होईल."

आता हा "होईल" शब्द वूकोमानचा घात करणारा. त्याच्या मनात त्याचा अर्थ असायचा की बघू, देव काय करतो ते. ऐकणाऱ्याला वाटायचं वचन दिलं. ओब्राद उठला, त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरी गेला, शीळ घालत. ओब्रादला शीळ घालताना लोकांनी त्याआधी फक्त कुत्र्यासाठी ऐकलं होतं.

दोन दिवसांनी दारिंका ओब्रादच्या घरी बाळंतिणीला खीर घेऊन गेली आणि येताना मिलुंकाचा निरोप घेऊन आली. निरोप असा नव्हताच, मिलुंका नुसती रडली होती. "म्हणाली, माझ्या पोरीला दाराला लावायची कडी करू नका," दारिंका म्हणाली. "म्हणाली, एखादं फळाचं नाव ठेवा, फुलाचं ठेवा, काहीही ठेवा. मी सांगितलं, माझा नवरा बघेल. बघशील ना?"

"होईल," वूकोमान म्हणाला.

दारिंकानं त्याच्याकडे बघितलं. ती या शब्दाबरोबर पंचवीस वर्षं राहिली होती. "अरे माणसा, तू ओब्रादलाही हेच म्हणालास का?"

वूकोमाननं चुलीत लाकूड सारलं.

"म्हणालास."

"त्यानं विचारलं तेव्हा तू तिथं नव्हतीस. त्याचा चेहरा बघितला असतास तर तूही म्हणाली असतीस."

"मी म्हणाले नसते."

"तू नाही म्हणत. तू दारिंका आहेस. मी साधा लांडगा आहे." पण त्या दिवशी त्याच्या विनोदाला कुणी हसलं नाही, तो स्वतःसुद्धा.

बारशाच्या आदल्या दिवशी तो ओब्रादच्या आईकडे गेला. म्हातारी स्ताना अंगणात लोकर पिंजत होती. ओब्राद छपरावर गेला होता, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या. वूकोमाननं इकडचं तिकडचं काढलं, लोकर कशी आहे, मेंढ्या कशा आहेत. म्हातारीनं दोन्ही प्रश्नांची उत्तरं दिली आणि म्हणाली, "आता ज्यासाठी आलास ते विचार."

"आजी, तुझं नाव तुला कसं वाटलं गं, आयुष्यभर?"

म्हातारी पिंजायची थांबली नाही. "वाटायचं काय त्यात. बैलाला हाकारतात तसं बापानं मला हाकारलं, थांब म्हणून. मी काही चालतच नव्हते, पाळण्यात होते. माझ्यानंतर आणखी तीन बहिणी झाल्या. देवाला बहुतेक कमी ऐकू येतं. मग भाऊ आला. सगळे म्हणाले, स्तानाच्या नावाचं फळ, उशिरा का होईना. भावाच्या लग्नात मला पुढं उभं केलं. ही बघा, हिच्या नावानं तो आला. पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी पण आलेय की."

वूकोमान हसला. मग त्याच्या लक्षात आलं की म्हातारी हसत नाही, आणि मग तीही थोडी हसली, त्याला बरं वाटावं म्हणून.

"मग काय ठेवू?" त्यानं विचारलं.

"मला काय विचारतोस? कूमला सांगायचं नसतं." तिनं लोकरीचा पुंजका झटकला. "आणि ओब्रादच्या वाट्याला जाऊ नकोस. लहानपणी रागावला की आठ दिवस बोलायचा नाही. आता मोठा झालाय, आठ वर्षं बोलणार नाही."

घरी येताना वूकोमान रस्त्यात दोनदा बसला. कुणाला नाही म्हणायचं हे त्याला ठरवता येईना. ओब्राद गेला तर कूमचं घर गेलं, बापानं राखलेलं. हाताचं कामही गेलं, कारण त्याच्या फळ्या वर चढवायला दुसरं कोण येणार? आणि दारिंका? दारिंकाच्या फडक्याला तो भीत नव्हता. फडका चालायचा थांबेल याला भीत होता. त्यानं मनाशी ठरवलं की ऐन वेळी चक्कर येऊन पडायचं. ते त्याला जमण्यासारखं होतं. पण मग त्याला दिसलं की हातात बाळ असणार.

बारसं ओब्रादच्या घरातच झालं. तांब्याच्या मोठ्या घंगाळात कोमट पाणी. पाद्रीबाबा खालच्या मठातून चालत आलेले, त्यांचे ओले बूट चुलीजवळ. ओब्राद पांढरा सदरा घालून भिंतीशी उभा, मिशी चोपून बसवलेली. चारही मुली दाराशी दाटीनं उभ्या. मिलुंका आत, अर्ध्या उघड्या दाराआड, आणि दारिंका तिच्या शेजारी. म्हातारी स्ताना चुलीजवळच्या तिपाईवर. टेबलावर भाजलेलं कोकरू, साय, राकिया दारूची बाटली, सगळं झाकून ठेवलेलं, कारण नाव पडेपर्यंत हात लावायचा नाही.

बाळ वूकोमानच्या हातात दिलं. पोर चांगली गुबगुबीत होती, ओब्रादच्याच कपाळाची. तिनं डोळे उघडले, वूकोमानकडे बघितलं, आणि त्याच्या मिशीचे दोन केस मुठीत धरून ओढायला लागली. वूकोमानच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर तो म्हणायचा ते मिशीमुळं.

पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. मग विचारलं, "नाव काय?"

वूकोमाननं ओब्रादकडे बघितलं. ओब्राद त्याच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात धमकी नव्हती, हेच वाईट होतं. लहान मूल बाजारातून येणाऱ्या बापाकडे बघतं तसं तो बघत होता. वूकोमाननं दाराच्या फटीकडे बघितलं. तिथं काही दिसेना, नुसता अंधार आणि कुणाचा तरी हात चौकटीवर. त्यानं घसा खाकरला. पाद्रीबाबांनी पुन्हा विचारलं.

"झेल्का," वूकोमान म्हणाला.

इतक्या हळू, की पाद्रीबाबांनी कान पुढं केला. तेव्हा त्यानं मोठ्यानं सांगितलं, आणि आवाज भलताच मोठा निघाला, पोर दचकली. "झेल्का. ठेवा झेल्का."

झेल्का म्हणजे हवी असलेली. मनात धरून मागितलेली. हे नाव आमच्याकडे एखाद्याला बारा वर्षांनी पोर झालं तर ठेवतात, किंवा पाच मुलग्यांच्या पाठीवर मुलगी आली तर. चार मुलींच्या पाठीवर आलेल्या पाचवीला झेल्का म्हटलेलं आमच्या दरीत कुणी ऐकलं नव्हतं. दाराआड कुणीतरी तोंडात पदर कोंबल्यासारखा आवाज आला. पाद्रीबाबांनी, त्यांना कोकराचा वास येत होता, पोरीला घंगाळात तीनदा बुडवलं आणि मोकळे झाले.

म्हातारी स्ताना म्हणाली, "चांगलं आहे. आता जेवा." पण जेवायला बसताना ओब्राद तिथं नव्हता.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे मधे कुणी विचारायला नको. ओब्रादला मुलगा कधीच झाला नाही. सहावं मूलच झालं नाही. वरच्यानं कप्पा बंद केला तो कुणी खूण न करता. झेल्का बापापेक्षा उंच झाली, आणि हाक दिली की लगेच घरी येणं तिला कधी माहीत नव्हतं. म्हणून रोज संध्याकाळी तो मोजकं बोलणारा ओब्राद अंगणात उभा राहून मेंढ्यांमागं गेलेल्या पोरीला बोलवायचा, पहिल्यांदा साध्या आवाजात, मग हाताचा भोंगा करून, आणि अख्ख्या दरीला रोज ऐकू जायचं की त्याला ती हवी आहे. बारसं झालं त्याच उन्हाळ्यात ओब्राद आणि वूकोमाननं शाळेचं छप्पर केलं. पहिले काही दिवस वरून खाली एक शब्दही आला नाही, नुसते हातोड्याचे ठोके. खाली वूकोमान दोघांच्या वाटचं बोलत होता.

पण त्या दिवशी हे कुणाला माहीत होतं? त्या दिवशी वूकोमान कोकराला हात न लावता बाहेर आला. ओब्राद लाकडाच्या ढिगाजवळ पाठमोरा उभा होता. दारिंका खिडकीशी आली होती, म्हणून पुढचं बोलणं शब्द न् शब्द आम्हाला ठाऊक आहे.

"कूम," ओब्राद न वळता म्हणाला, "तुझ्याकडे मी आयुष्यात एकच गोष्ट मागितली. तुझ्या नावानं तुझा जीव वाचला. माझ्या पोरीच्या नावानं माझं एवढं एक काम झालं असतं तर तुझं काय गेलं असतं?"

वूकोमान त्याच्यापासून चार हात लांब थांबला आणि म्हणाला:

"ओब्राद, मी जगलो तो नावानं की आईच्या दुधानं हे मला माहीत नाही, आणि लांडगा तर मी एक दिवसही झालो नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण म्हाताऱ्या मिर्चेतानं उंबऱ्यावर उभं राहून जे काही मागितलं ते माझ्यासाठी मागितलं, माझ्या पाठीवर येणाऱ्या कुणासाठी नाही. तुझ्या पोरीसाठीही मला तेवढंच मागता आलं. आता मला मारायचं असेल तर जरा लवकर मार, कारण मी फार वेळ इथं उभा राहू शकेन असं वाटत नाही."